नाणेघाटाच्या अंकांपासून उपग्रहाच्या नकाशापर्यंत
(आपत्तीतील मदत आणि तिच्या हिशेबाचा इतिहास)

जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने वर येई आणि जुन्नरच्या पेठेतून पुढे पैठणकडे जाई. या घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची नोंद त्यात कोरलेली असून गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नाणी किती, हे सारे आकड्यांत दिलेले आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांमध्ये या लेखाची गणना होते. ज्या भूमीत आज आपण राहतो, त्या भूमीत दिलेल्या वस्तूचा आकडा दगडावर उतरविण्याची रीत इतकी जुनी आहे!

जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांमधील शिलालेखही याच रीतीचे आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या व्यापारी संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद तेथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख आहेत. मूळ ठेव कायम राखावयाची आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवावयाचे, ही आजच्या विश्वस्त संस्थांची पद्धत येथील व्यापाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होती.

दान आणि नोंद या दोन गोष्टी अशा प्रथमपासून बरोबर चालत आलेल्या आहेत. अलीकडच्या काळात भूकंप, महापूर, दरड कोसळणे अशा प्रसंगी संगणक, उपग्रह आणि मोबाइल यांच्या साहाय्याने मदतीचे नियोजन होऊ लागले आहे. ही विद्या वरवर पाहता परकी वाटते. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही पेढीवरच्या मुनिमाला कळेल असाच आहे. माल कोठे आहे, गरज कोठे आहे आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ कसा घालावयाचा, हा तो प्रश्न होय.

जगडूशाहांची कोठारे

जैन समाजाच्या स्मरणात दुष्काळातील मदतीचे जे थोर उदाहरण कोरले गेले आहे, ते कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे. तेराव्या शतकात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. त्या काळात या श्रावक व्यापाऱ्याने आपली धान्याची कोठारे रंकांसाठी आणि राजांसाठीही खुली केली, असे सर्वानंदसूरींनी रचलेल्या ‘जगडूचरित’ या ग्रंथात वर्णन आहे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांनी आपत्तीपूर्वी साठा केला, तो अनेक ठिकाणी विभागून ठेवला आणि वाटपासाठी अन्नसत्रे उघडली. मदतकार्याचे शास्त्र शिकविणाऱ्या आजच्या विद्यापीठांतही हीच त्रिसूत्री शिकविली जाते.

परंतु जगडूशाहांच्या कथेतील खरा मर्माचा भाग निराळाच आहे. चांगल्या घरातील जी माणसे लाजेपोटी अन्नसत्राच्या पंगतीत बसू शकत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी ‘लज्जापिंड’ दिले. मिठाईच्या गोळ्यात सोन्याचे नाणे दडवून तो गोळा गुपचूप अशा घरी पोहोचविला जाई. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. हा लज्जापिंड वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

दुष्काळ आणि वार्ता

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा प्रदेश होरपळून निघाला. त्या वेळी आगगाडी आली होती, तारयंत्रही आले होते. धान्य एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेण्याची सोय झाली होती. पण कोणत्या गावात काय स्थिती आहे, हे सरकारी कागदांतून पुरते कळत नव्हते. ही उणीव १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने ओळखली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने गावोगावची माहिती मिळविली आणि दुष्काळाचे तपशीलवार वृत्तांत सरकारपुढे व जनतेपुढे ठेवले. धान्याइतकीच वार्ताही मोलाची असते, हे या कार्याने दाखवून दिले.

पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख मजूर राबत होते. खडी फोडणारे हात, पाझर तलाव, नालाबंडिंग, मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी जुन्नर–आंबेगावातील वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप ताज्या आहेत. एवढ्या माणसांची हजेरी, मोजमाप आणि पगार हे सारे हजेरीपटावर, हाताने लिहून पार पडले. रोजगार हमी योजनेचा पाया त्यातूनच घातला गेला. संगणक नव्हता, पण नोंद होती. म्हणूनच ते कार्य निभावले.

आर्वीची तबकडी

जुन्नर तालुक्याने या इतिहासाला आणखी एक पान जोडले आहे. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले. हिंदी महासागरावरील उपग्रहामार्फत भारताचा परदेशांशी दूरध्वनी आणि तार यांचा संबंध येथून जोडला गेला. शेताच्या कडेला आभाळाकडे तोंड करून उभी असलेली ती प्रचंड तबकडी पाहण्यास दूरदूरचे लोक येत. या केंद्रास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले.

डॉ. साराभाई हे अहमदाबादच्या कॅलिको मिल चालविणाऱ्या जैन कुटुंबातील. कापडाच्या गिरण्यांना शास्त्रीय संशोधनाचा लाभ व्हावा म्हणून १९४७ मध्ये ‘अटिरा’ ही संस्था उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. अवकाशविज्ञान गरीब देशाने कशासाठी करावयाचे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर स्पष्ट होते. सामान्य माणसाच्या अडचणी सोडविण्यासाठी! हवामानाचा अंदाज, शेती, शिक्षण आणि दळणवळण यांसाठी उपग्रह वापरावयाचे, हे त्यांचे स्वप्न होते. आज वादळाची सूचना देणारे आणि पूरग्रस्त भागाची चित्रे पाठविणारे भारतीय उपग्रह हे त्याच स्वप्नाचे फळ होय.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री लोक गाढ झोपेत असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे क्षणात कोसळली आणि सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. साऱ्या देशातून मदतीचा ओघ सुरू झाला. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी या वेळी वस्तूंच्या वाटपापलीकडे पाहिले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी संघटनेने घेतली. वाघोलीचे शैक्षणिक संकुल त्यातूनच आकारास आले. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर याच संघटनेने ३६८ शाळा अल्पावधीत उभारल्या. गरज काय आहे ते आधी पाहावे आणि मग हात घालावा, हा या कामांचा गाभा होता.

किल्लारीनंतर महाराष्ट्र शासनानेही धडा घेतला. पुनर्वसनाच्या कार्यक्रमातच आपत्ती व्यवस्थापनाचा अंतर्भाव झाला. जिल्हावार आराखडे तयार झाले, मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभा राहिला आणि संगणक व उपग्रहाधारित संपर्क यांचा वापर सुरू झाला. त्याच सुमारास पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये बनविला होता आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे कामही चालविले होते. गावाची यादी मराठीत संगणकावर लिहिता येणे, ही आज क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्या परिश्रमांतून साध्य झाली.

दानाचाच अडथळा

मदत पुष्कळ आली म्हणजे काम झाले, असा आपला समज असतो. अनुभव मात्र उलट सांगतो. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा किमान ५ हजार टन औषधे तेथे येऊन पडली. ती लावण्यास ५० माणसांना ६ महिने लागले आणि त्यांतील फक्त ३० टक्के औषधे तत्काळ उपयोगी पडण्यासारखी निघाली. उरलेल्यांपैकी बऱ्याच मालावर अनोळखी भाषांतील लेबले होती, तर काहींची मुदत संपलेली होती.

वस्त्रदानाची कथाही अशीच आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. उत्तरेकडील लोकरीचे कपडे दमट, उष्ण किनाऱ्यावर कोण वापरणार? फाटके, न धुतलेले कपडे कोळी बांधवांनी स्वाभिमानाने नाकारले. ज्या गाड्यांतून तांदूळ जाऊ शकला असता, त्यांत हे गठ्ठे गेले. अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे त्या टाकाऊ ढिगांतील कापड निवडून कामी आणले. पण हे सारे टाळता आले नसते काय? कापडाच्या व्यापारात कोणीही मागणी न पाहता माल भरीत नाही. लुगड्याचा वार, साडीची लांबी, ऋतू, गावची चाल हे सारे पाहूनच गाठ सुटते. दानाच्या वेळी मात्र हीच व्यवहारबुद्धी घरी ठेवली जाते.

या गोंधळावर पहिला मोठा उपाय अमेरिका खंडातील देशांच्या आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकाच्या आरंभी शोधला. ‘सुमा’ नावाची संगणकीय पद्धत त्यांनी तयार केली. विमानतळावर उतरलेला प्रत्येक खोका उघडून, ओळखून, त्याची वर्गवारी करावयाची आणि तातडीचा, नंतर लागणारा व बिनउपयोगी अशी फोड करावयाची. मग कोणत्या गोदामात काय आहे, ते पडद्यावर दिसे.

त्सुनामीनंतर श्रीलंकेतील संगणक-अभियंत्यांनी स्वयंसेवावृत्तीने ‘सहना’ ही प्रणाली रचली. सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा असा आहे. तिचे चार मुख्य विभाग होते. बेपत्ता व्यक्तींची नोंद, काम करणाऱ्या संस्थांची नोंद, छावण्यांची नोंद आणि मागणी-पुरवठ्याची नोंद. एका छावणीने चादरी मागितल्या की ती मागणी सर्व संस्थांस दिसे. एकीने ती स्वीकारली की इतरांनी तेथे चादरी पाठवावयाच्या नाहीत. ही प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्यात आली. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधील गिन्सागोन हे गाव डोंगर कोसळून गाडले गेले, तेव्हाही ती वापरली गेली. पुढे जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून राजधानीचे रस्ते रेखाटून मदतपथकांना नकाशा करून दिला.

माळीण

दूरच्या देशात डोंगराखाली गाडलेल्या गावाची वार्ता वाचणाऱ्या आंबेगावकरांच्या दारी तोच प्रसंग यावयाचा होता. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या माळीण गावावर डोंगराचा कडा चिखलासह खाली आला. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली. १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य महादेव कोळी समाजाची कष्टाळू माणसे होती. भाताची लावणी, नाचणी-वरई आणि हिरडा यांवर जगणारे ते गाव काही क्षणांत दिसेनासे झाले. शाळेची इमारत तेवढी बचावली.

ही वार्ता जगास प्रथम कशी कळली? कोणत्याही यंत्राने ती दिली नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकास गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने ती खबर दिली. तळेगावहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या निघाल्या, यंत्रे निघाली. पण अरुंद रस्ता, चिखल आणि न थांबणारा पाऊस यांमुळे प्रत्येक गाडीस वाट काढावी लागली. आठवडाभर शोधकार्य चालले. ढिगाऱ्यातून एक माता आणि तिचे तान्हे मूल जिवंत निघाले, तेव्हा उपस्थितांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. २०१७ मध्ये आमडे येथे नवे माळीण वसविण्यात आले.

माळीणचा धडा कठोर आहे. मदतीच्या सामानाची ने-आण कितीही सुधारली तरी ती घटनेनंतरची गोष्ट होय. त्या सकाळी पहिली उणीव सूचनेची होती. डोंगराची हालचाल, पावसाचे मोजमाप आणि वाडीपर्यंत पोहोचणारा इशारा या तिहींची साखळी जोडलेली नव्हती.

त्यानंतर ही साखळी बरीचशी जोडली गेली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवण भागांचे देशव्यापी नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे नकाशा-दालन २००९ पासूनच उपलब्ध होते. ‘सचेत’ या व्यवस्थेमार्फत हवामानाचे इशारे ठरावीक क्षेत्रातील मोबाइलवर प्रादेशिक भाषेत जाऊ लागले आणि २०२३ मध्ये एकाच वेळी असंख्य मोबाइलवर मोठ्या आवाजात वाजणाऱ्या इशाऱ्याची देशभर चाचणी झाली. माळीणच्या दुर्घटनेस बरोबर ११ वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, ‘इस्रो’ आणि ‘नासा’ यांचा ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून झेपावला. जमिनीची काही सेंटिमीटरची हालचालही ढगांआडून टिपण्यासाठी तो घडविलेला आहे.

तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तेथे गाडीचा रस्ताच नव्हता. जवानांनी आणि गिर्यारोहकांनी सामान पाठीवर वाहून डोंगर चढला. अशा वाटेवर अखेरचे काही कोस माणसाच्या पायांनीच कापावे लागतात, हे सत्य कोणत्याही यंत्राने अजून बदललेले नाही.

यंत्राच्या मर्यादा आणि लज्जापिंड

२०१८ च्या केरळातील महापुरात तेथील तरुणांनी आणि शासनाने संकेतस्थळ उभारले. अडकलेल्यांच्या हाका त्यावर नोंदवून बचावपथकांकडे पोहोचविल्या गेल्या. मात्र एकाच घरासाठी दहा नातेवाइकांनी दहा नोंदी केल्या की खरी गरज कोणती, हे निवडणे कठीण होई. शेकडो स्वयंसेवकांनी दूरध्वनी करून त्या नोंदी पडताळल्या. हेही मुनिमाचेच काम!

दुसरी मर्यादा अशी की, ज्याच्याकडे मोबाइल आहे आणि ज्याच्या वाडीत रेंज आहे, त्याचीच हाक पडद्यावर उमटते. आहुपे, घाटघर, हातवीज यांसारख्या घाटमाथ्याच्या गावांत ऐन पावसात वीज जाते आणि मनोऱ्याचा आवाज बंद पडतो. तेव्हा पडद्यावर कोरी असलेली जागा सुखरूप समजण्याची चूक होऊ शकते. वस्तुतः जेथून काहीच कळत नाही, तेथे प्रथम जावे, हा मदतकार्यातील अनुभवी नियम आहे.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जॉर्डनमधील झातारी छावणीत २०१६ पासून निर्वासितांना डोळ्याच्या बुबुळाची ओळख देऊन दुकानातून जिन्नस घेता येऊ लागले. चोरी टळली, रांगा घटल्या. आपल्याकडे २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक वाटले गेले आणि पुढे शिधावाटप दुकानांत बोटाच्या ठशावर धान्य मिळू लागले. यातून खोटी नावे गळाली, हे खरे. परंतु राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धेचा ठसा यंत्राने ओळखला नाही तर तिची पिशवी रिकामी राहते. शिवाय घेणाऱ्याचे नाव, छायाचित्र आणि अडचण यांच्या याद्या मोबाइलवर सर्वत्र फिरतात. चादर स्वीकारणाऱ्या विधवेचे छायाचित्र सायंकाळपर्यंत चार गावांत पोहोचते. जगडूशाहांनी सोन्याचे नाणे मिठाईत दडविले होते. आपण दहा किलो तांदळासाठी माणसाचा चेहरा उघडा करावयाचा काय? देणारा गुप्तदान करू शकतो, तर घेणाऱ्यासही गुप्ततेचा हक्क आहे. नोंद असावी, परंतु ती हिशेब तपासणाऱ्यापुरती असावी.

पुढील पन्नास वर्षांसाठी

आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चार प्रकारचे दान जैन परंपरेने सांगितले आहे. त्यांतील अभयदान आपत्तीच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. वेळेवर पोहोचलेला इशारा हे अभयदानच होय. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेस या इतिहासातून काही साध्या गोष्टी घेता येतील आणि त्यांसाठी मोठा खर्चही लागत नाही.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांची एक नोंदवही पावसाळ्यापूर्वी तयार असावी. कुटुंबे किती, वृद्ध व लहान मुले किती, गाडी कोठपर्यंत जाते, पुढे पायी किती चालावे लागते, निरोप कोणाकडे द्यावयाचा, एवढे तीत असले की पुरे. ती संगणकावर असावी, तशीच कागदावरही असावी. जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील कोणत्या गोदामात किती ताडपत्री, चादरी, भांडी आणि कोरडा शिधा आहे, याची यादी एकाच ठिकाणी दिसावी. दुकानदार बारकोडने तागा मोजतो आणि २०१८ पासून ई-वे बिलाने मालाच्या गाडीचा माग ठेवतो. तीच शिस्त मदतीच्या गाडीला लावणे व्यापारी समाजास अवघड नाही. जुने कपडे न पाठविता प्रदेशास साजेसे नवे लुगडे, धोतर आणि चादर असा नेमका संच द्यावा. आणि शासन, तहसील कार्यालय व इतर संस्था यांना विचारूनच गाडी हलवावी, म्हणजे एका गावात दोनदा आणि दुसऱ्यात एकदाही नाही, असे होणार नाही.

नाणेघाटातील कोरक्याने छिन्नीने आकडे कोरले, मुनिमाने बोरूने चोपडी लिहिली, आज बोटाच्या स्पर्शाने नोंद होते. साधन बदलले, तरी आकड्यामागील माणूस दिसण्यासाठी लागणारी अनुकंपा मात्र प्रत्येक पिढीस स्वतःच जोपासावी लागते. पावसाळा दरवर्षी येतो आणि घाटमाथ्याच्या वाड्या त्याच डोंगरांच्या कुशीत उभ्या आहेत. वाड्यांची ती वही वैशाखापूर्वी पूर्ण झाली, तर सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित स्मारक दुसरे नसेल.